फ्रीमाँटमधलं चिनी जेवण: हॉटेलाचं नाव नको, प्रांत सांगा

पाचगावकर

मंडळी, गेल्या महिन्यात आमचा ल्यांगपीवाला (गार नूडलसारख्या पट्ट्या करणारा चिनी आचारी) गेला. म्हणजे माणूस ठणठणीत आहे, हॉटेल सोडून गेला. पाटी तीच, मेनूकार्ड तेच, भिंतीवर लाल माशाचं कॅलेंडरही तेच. पहिला घास घेतला आणि बायकोनं नि मी एकमेकांकडे पाहिलं. आत डोकावलो तर ओट्यापाशी भलताच कोणी. आमचा आचारी डावखुरा होता.

म्हणून हा धागा. फ्रीमाँट म्हणजे कॅलिफोर्नियात १९५६ साली पाच खेडी एकत्र करून केलेलं शहर. लोकसंख्या सव्वादोन लाखांच्या वर, पण मधोमध बाजारपेठ म्हणावी अशी नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनसारखी कमान नाही, कंदील नाहीत. एका बाजूला दातांचा दवाखाना, दुसऱ्या बाजूला नखं रंगवायचं दुकान, आणि मधल्या गाळ्यात कुठल्यातरी प्रांताचं जेवण. मी अकरा वर्षं त्याच पार्किंगमधून दूध घेऊन घरी जात होतो आणि मला पत्ता नव्हता.

तर तुम्हाला कोणत्या प्रांताचं जेवण, कसं सापडलं ते लिहा. फ्रीमाँट, न्यूअर्क, युनियन सिटी, मिलपिटास, फार तर कुपर्टिनोपर्यंत. हॉटेलाचं नाव लिहू नका. आचारी बदलला की नाव फसवतं आणि मग लोक आपल्याला शिव्या घालतात. गोबी मंचुरियनवाल्यांनी रागावू नये.

वेंगुर्ल्याची

सिचुआन. ऑफिसातली छंगदूची (सिचुआनच्या राजधानीची) मैत्रीण घेऊन गेली. मेनूत एका माशाचं नाव होतं ‘पाण्यात उकडलेला मासा’. मी म्हटलं, चला, आज पोटाला आराम. आला तो परातीएवढा वाडगा, वर बोटभर लाल तेल, त्यात मूठभर सुक्या मिरच्या तरंगताहेत. मासा त्याखाली कुठेतरी.

तिखटाचं काही नाही, मी मालवणी. पण दातांखाली एक तपकिरी टरफल आलं. आधी लिंबाच्या सालीसारखा वास, मग ओठ थरथरायला लागले, मग जीभ अशी बधिर की पाणीसुद्धा खारट लागलं. मैत्रीण हसत होती, तिला वाटलं मी घाबरले. मी ओरडले, ‘अगो, ह्यां तर तिरफळ!’ तिला काय कळणार म्हणा.

आचाऱ्यानं आतून वाटीभर आणून दाखवली. रंगानं जरा लाल, आकारानं बारीक, पण तोंड उघडलेली तशीच. मी नखानं एकातली काळी बी काढून बाजूला टाकली. आई तशीच काढायची, नाहीतर आमटीत वाळू चावल्यासारखं होतं. आचारीबाबा माझ्या बोटांकडे बघत राहिले. तेही हेच करतात: बी टाकायची, टरफल ठेवायचं. झाडं वेगळी, पण कूळ एकच. आपण ती बांगड्याच्या तिखल्यात घालतो आणि खाताना बाजूला काढतो. ते मिरचीबरोबर तेलात परततात. बधिर ती ‘मा’, तिखट ती ‘ला’.

अमेरिकेत ही टरफलं आणायला १९६८ पासून बंदी होती. लिंबू-संत्र्यावर जो खैऱ्या रोग पडतो तो त्यांच्याबरोबर येईल म्हणून. २००५ साली उठली, तीही ती गरम करून आणायच्या अटीवर. त्यामुळे जुन्या मेनूवर ‘सिचुआन’ लिहिलेलं असलं तरी मी भुलत नाही. आधी मापो तोफू (तिखट रश्शातलं सोयाचं पनीर) मागवते. चौथ्या घासाला ओठ जागचे हलले नाहीत तर बिल देऊन निघते. आणि आपल्या गाडीवरचा शेजवान म्हणजे याच सिचुआनचं नाव, पण त्यात तिरफळाचा कणही नसतो!

चोपडेकर

+१, तिरफळाचं माहीत नव्हतं. माझं शीआन, म्हणजे शानशी प्रांत. पाचगावकर, बहुतेक तुमचंच ठिकाण.

गाडीचं ऑइल बदलायला दिलं होतं. तासभर काय करायचं म्हणून बाहेर उभा, तर बाजूच्या गाळ्यातून आवाज: थाप, थाप, थाप. मला वाटलं कोणी धुणं धुतंय. आत एक माणूस कणकेची पट्टी दोन्ही हातांत धरून ओट्यावर आपटत होता. आपटली की लांब होते, पुन्हा दुमडतो, पुन्हा आपटतो. पट्ट्यासारखे रुंद नूडल. त्याचं नाव ब्यांगब्यांग, आणि ते या आपटण्याच्या आवाजावरूनच पडलं असं सांगतात.

पण मी फिदा झालो तो ल्यांगपीवर. ताटलीत गार, अर्धपारदर्शक पट्ट्या, वर काकडी, मोड आलेले मूग, व्हिनेगर, लाल तेल. एक घास घेतला आणि थेट चैत्रातलं अंगण. हा तर चीक!

ज्यांच्या घरी कुरडया झाल्यात त्यांना सांगायला नको. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटायचे, चोथा पिळून काढायचा, चीक रात्रभर बसू द्यायचा, सकाळी वरचं पाणी अलगद ओतून द्यायचं. हे लोक कणीक मळून तो गोळाच पाण्यात चोळचोळून धुतात. पांढरं पाणी तसंच बसवतात, निवळ ओततात आणि खालचा साका थाळीत पातळ ओतून वाफवतात. आपण सोऱ्यातून काढून उन्हात घालतो, ते कापून त्याच दिवशी खातात. एवढाच फरक.

आपल्याकडे चोथा म्हशीला जातो. इथे धुऊन उरलेला चिवट गोळा उकडून त्याचे चौकोनी तुकडे पट्ट्यांवर टाकतात. स्पंजासारखे असतात, सगळं तिखट-आंबट पाणी पिऊन बसतात. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. ती म्हणाली, ‘वाळवायला ऊन नाही का तिकडं?’

कांदालसूणवर्ज्य

वर सगळे मासे आणि लाल तेल. आमच्यासारख्यांचं काय?

पहिली दोन वर्षं मी ‘नो मीट’ म्हणत होते. एका ठिकाणी तीनदा सांगितलं, बाईंनी तीनदा मान हलवली, आणि तोफूवर खिमा आला. विचारलं तर म्हणाल्या, ‘थोडासाच आहे, चवीला.’ त्यांच्या लेखी तो मांसाचा पदार्थ नव्हताच, तोफूचा होता. भांडून उपयोग नसतो हो. ‘मासळीच्या वासाची वांगी’ नावाच्या भाजीत मासळी नसते (मासळीला घालतात तो मसाला असतो), पण डुकराचा खिमा बरेचदा असतो. हिरव्या शेंगांच्या सुक्या भाजीतही तेच.

मग कोणीतरी शिकवलं: ‘वो छ्र सू’. मी ‘सू’ खाते. सू म्हणजे नुसतं बिनमांसाचं नाही, त्याला देवळाचा वास आहे. हा शब्द उच्चारला की वाढणाऱ्याचा चेहरा बदलतो. मग कोंबडीचं पाणी, कालवाचा सॉस, सगळं आपोआप बाद. आणि मिलपिटासमध्ये बौद्ध पद्धतीचं शुद्ध ‘सू’ हॉटेल सापडलं तिथे तर कांदा-लसूणही नाही! माझ्या सासूबाई चातुर्मासात आल्या होत्या. अमेरिकेत चारी ठाव बाहेर जेवल्या त्या फक्त तिथे. एक मात्र आहे, बदकासारखं दिसणारं जे सोयाचं करतात ते त्यांच्यासमोर मागवू नका. मी मागवलं. पुढचा अर्धा तास फार शांततेत गेला.

ट्रिपलशेजवान

काय अस्सल-अस्सल लावलंय? चिकन मंचुरियनचं श्रेय ज्यांना देतात ते नेल्सन वांग कोलकात्यात जन्मलेले चिनी वंशाचे. १९७५ साली मुंबईत क्रिकेट क्लबात केलं म्हणतात. चिनी माणसानं हिंदुस्थानात बसून गिऱ्हाइकाच्या जिभेसाठी केलेलं जेवण. ते नकली, आणि तैवानी लोक करतात ते अस्सल? तैवानचं तिखट बीफ नूडल सूपसुद्धा १९४९ नंतर मुख्य भूमीवरून पळून आलेल्या सैनिकांमुळे झालं असं त्यांचेच लोक सांगतात. मला शनिवारी रात्री ट्रिपल शेजवानच लागतं आणि ते फ्रीमाँटात उत्तम मिळतं. मी चाललो.

पाचगावकर

मान्य. बसा हो, कुठं चाललात.

मुक्काम पोस्ट मिलपिटास

फोटो काढून भाषांतर करणाऱ्या ॲपवर विसंबू नका. इंग्रजी मेनूत चाळीस पदार्थ होते, भिंतीवर रंगीत कागदांवर आणखी वीस, फक्त चिनीत. खरा माल तिथेच असतो हे मला कळलं होतं. फोन धरला, तर एका कागदाचं भाषांतर आलं ‘नवराबायकोच्या फुफ्फुसांचे काप’. लग्नाला दोन महिने झाले होते. बायकोनं फोन काढून घेतला आणि फ्राइड राइस मागवला.

पुढे कळलं, छंगदूचा तो प्रसिद्ध गार पदार्थ आहे. एक जोडपं विकायचं म्हणून ते नाव. बहुधा गाईचं मांस आणि वजडी, त्यामुळे आमच्या घरी तसाही चालला नसता. आता मी ॲप वापरतच नाही. शेजारच्या टेबलावर आजी-आजोबा बसलेले असतील तर त्यांच्या ताटाकडे बोट दाखवतो. आजवर एकदाच पस्तावलो.

आई आली आहे

डोंगबेई, म्हणजे चीनचा ईशान्य कोपरा. आई नागपूरहून सहा महिन्यांसाठी आली आहे. ‘चिनी नको, झुरळं खातात’ हे पालुपद. मी काही न बोलता ‘दी सान श्येन’ मागवलं. तळलेलं वांगं, तळलेला बटाटा, ढोबळी मिरची, वर सोया-लसणाचा चकचकीत रस. नावाचा अर्थ ‘जमिनीतले तीन ताजे जिन्नस’. आईनं वांग्याची फोड उलटीपालटी करून पाहिली, खाल्ली, आणि म्हणाली, ‘तेल जास्त आहे.’ म्हणजे आवडलं.

त्याच जोरावर व्हिनेगरमधला बटाट्याचा कीस मागवला. इथे मात्र हरलो. बटाटा काडीसारखा बारीक, मुद्दाम कुरकुरीत ठेवतात. आईचं मत: ‘काचऱ्या कच्च्या राहिल्या, गॅस मोठा होता.’ आचाऱ्याला सांगून ये म्हणत होती.

देवगड ते डब्लिन

हुनान. वेंगुर्ल्याच्या ताईंना माहिती म्हणून: हुनानचे लोक बधिर करत नाहीत, नुसतं जाळतात. ‘पा बू ला’ म्हणजे ‘तिखट नसेल तर भीती वाटते’ असं ते स्वतःबद्दल सांगतात. माशाचं आख्खं डोकं उभं चिरून, वर खारवलेली लाल मिरची थापून वाफवतात. डोळ्याखालचं मऊ मांस कुणी खायचं यावरून आमच्या टेबलावर दोन मालवणी आणि एक हुनानी यांच्यात वाद झाला. हुनानी पाहुणा होता, त्याला दिलं. हॉटेल इंटरनेटवर नाही. त्याच्या आईनं दाखवलं.

भिवंडीवाला

आमच्यासाठी हलाल चिनी मिलपिटासमध्ये आहे. चीनमधल्या हुई मुसलमानांचं जेवण. जिरं लावलेलं मटण आणि तीळ लावलेली, पातीचा कांदा भरलेली जाडजूड रोटी. रोटी आधी सांगा, वेळ लागतो. जुम्मा झाल्यावर जाऊ नका, जागा मिळत नाही.

चहाबाज

कँटनी डिमसम, म्हणजे चहाबरोबर खायचे छोटे छोटे पदार्थ: रविवारी अकराच्या आत पोचा. कोणी चहा ओतला की दोन बोटं टेबलावर टकटक करा, तेच धन्यवाद. किटली रिकामी झाली तर झाकण उलटं ठेवा, हाका मारू नका. मी पहिल्यांदा ‘एक्सक्यूज मी’ म्हणत पंधरा मिनिटं हात वर करून बसलो होतो, शाळेत बसायचो तसा.

वाचनमात्र

सहसा लिहीत नाही. पाचगावकर, तुमचा माणूस उजव्या हातानं पैसे घेतो आणि डाव्या हातानं कणीक आपटतो का? काल न्यूअर्कला मुलाचे बूट घ्यायला गेलो होतो. चपलांच्या दुकानाच्या मागच्या बाजूला नवीन गाळा उघडलाय, पाटी अजून कापडी. थाप, थाप ऐकू आलं म्हणून चोपडेकरांची आठवण झाली. ल्यांगपी दुपारी दोनला संपली होती. म्हणाला, आत्ता फक्त वीस ताटं करतो, साका बसवायला भांडी कमी आहेत.

पाचगावकर

तोच! शनिवारी साडेअकरा. कोण कोण येतंय? चोपडेकर, तुमच्याकडचं कुरडयांचं मोठं पातेलं द्यायला वहिनींची हरकत नसेल तर घेऊन या.