मुंबई ते नेवार्क साडेसहा तास, आणि परतीला साडेचोवीस?

आजी_होणार (सोलापूर):
लेकीच्या बाळंतपणासाठी पहिल्यांदाच अमेरिकेला निघालेय. जावयांनी तिकिटं पाठवलीत. १२ मे, मुंबईहून रात्री १:३०, नेवार्कला त्याच दिवशी सकाळी ८. म्हणजे साडेसहा तास! इथून सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबई गाठायलाच त्याहून जास्त लागतात. परतीला मात्र सकाळी ११:३० ला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी १२. आमच्या यांनी चादरीच्या दशीतला दोरा काढून शेजारच्या पोराच्या पृथ्वीगोलावर ताणला, तर तो मॉस्कोवरून आइसलँडकडे चढला. "गोलच वाकडा आहे," म्हणाले. खरे तास किती धरायचे? गुडघे आखडतात म्हणून विचारतेय. ११ च्या रात्रीची सिद्धेश्वर काढलीय, बाकी तयारी शेंगाचटणीसकट झालीय.

भूगोल_मास्तर:
गोल बरोबर, दोराही बरोबर. भिंतीवरचा सपाट नकाशा आपल्याला फसवतो. ताणलेला दोरा म्हणजे सर्वांत जवळची वाट, सुमारे १२,५५० किमी. पण विमान दोऱ्यावरूनच जाईल असं नाही. हा दोरा निघाल्या निघाल्या सिंधवरून जातो, आणि एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय कंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली. त्यांची विमानं वळसा घालून जातात.

पूर्वभाग_सोलापूर:
काकू, दोन्ही तिकिटांवरचे तास मिळवा आणि निम्मे करा. साडेसहा अधिक साडेचोवीस, एकतीस. निम्मे साडेपंधरा. घड्याळाचा फरक जाताना वजा होतो तेवढाच येताना वाढतो, म्हणून आपोआप कटतो. मे महिन्यात नेवार्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं (हिवाळ्यात साडेदहा). त्यामुळे जाताना खरे १६, येताना १५. वरचे जोराचे वारे पश्चिमेकडून पूर्वेला वाहतात, ते येताना पाठीशी असतात.
पण ते सगळं राहू द्या. १२ तारखेची रात्र १:३० म्हणजे ११ ची मध्यरात्र उलटल्यावर! तुमची सिद्धेश्वर १२ ला सकाळी मुंबईत शिरेल तेव्हा विमान केव्हाच गेलेलं असेल.

आजी_होणार:
अगं बाई! यांना वाचून दाखवलं तर चष्मा काढून पुसतच बसले. आधी ते तिकीट रद्द केलं. ११ च्या सकाळची वंदे भारत घेतली, दुपारी दादरला उतरून नणंदेकडे जेवण, संध्याकाळी विमानतळ. सोळा तास बसायचं म्हणजे कडेची जागा हवी, उठून दोन पावलं टाकता येतील. जावयांना तेवढं कळवते. तारखेचं मात्र त्यांच्या कानावर घालू नका कुणी.