मदत हवी आहे : गणेशोत्सवात मॉरिशस, सोबत गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आई, मुक्काम कोणत्या किनाऱ्यावर करावा?

नमस्कार.

11 सप्टेंबर 2026 च्या रात्री मुंबईहून निघून 19 तारखेला परतायचे, असा मॉरिशसचा बेत आम्ही आखला आहे. परंतु मुक्कामाच्या जागेवरून घरात एकमत होत नसल्याने जाणकारांना विचारावे म्हणून हा धागा काढत आहे. आम्ही चौघे जाणार आहोत : मी, पत्नी, अकरा वर्षांची मुलगी आणि माझी आई. आईचे वय 71 असून गेल्या वर्षी तिच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे. सपाट रस्त्यावर ती अर्धा तास सहज चालते. मऊ वाळूत मात्र पाय रुतू लागला की दहा पावलांतच माझा दंड धरते.

तारखा मुद्दाम निवडल्या आहेत. 14 सप्टेंबरला गणेश चतुर्थी आहे. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो, त्यामुळे ऐन सणात घर सोडून जाण्याला आईने आधी साफ नकार दिला होता. यंदा गणपती धाकट्या भावाकडे बसवायचे ठरले, तरीही तिचे मन तयार होईना. शेवटी, ऊसमळ्यांत राबायला गेलेल्या मराठी मजुरांचे वंशज मॉरिशसमध्ये आजही गणपती बसवतात, त्या सणाची तिथे सार्वजनिक सुट्टी असते आणि कोकणातले जाखडी हे लोकनृत्य तिथे झाकरी या नावाने टिकून आहे, हे सांगितल्यावर चित्र पालटले. तिचे माहेर संगमेश्वर तालुक्यातले. जाखडीचे नाव ऐकल्यावर तिने स्वतःच पासपोर्ट शोधून माझ्या पुढ्यात आणून ठेवला. समुद्राचे म्हणाल तर तिला काडीचेही अप्रूप नाही. छायाचित्रांतील किनाऱ्यावरची सुरूची झाडे पाहून, हे बघायला एस.टी. पुरली असती, असे ती म्हणाली.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. एका प्रवास कंपनीकडून कार्यक्रम मागवला असता त्यांनी पूर्व किनाऱ्यावरील बेल मार येथील हॉटेल सुचवले आणि रोज सकाळी आठला बसमध्ये बसून संध्याकाळी परतण्याचे वेळापत्रक दिले. सप्टेंबरमध्ये त्या बाजूला वारा असतो ना, असे विचारल्यावर ‘सगळे तिथेच राहतात’ एवढेच उत्तर मिळाले, म्हणून आगाऊ रक्कम न भरता मीच वाचन सुरू केले. माझ्या समजुतीप्रमाणे मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेस असल्याने मे ते ऑक्टोबर हा तिथला हिवाळा असतो. या काळात आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे पूर्व किनाऱ्यावर थेट आदळतात, वर चढताना मधल्या पठारावर, म्हणजे क्युरपीपच्या परिसरात, पाऊस टाकतात आणि पश्चिमेकडील फ्लिक आँ फ्लाक व वायव्येकडील त्रू ओ बिश हे किनारे डोंगरांच्या आडोशामुळे त्या मानाने शांत व कोरडे राहतात. आईला हॉटेलसमोर खुर्ची टाकून निवांत बसता यावे आणि मुलीला पोहता यावे, या दोन्ही दृष्टींनी मला पश्चिम किनाराच योग्य वाटतो. पत्नीचे म्हणणे असे की इतक्या लांब जाऊन बेल मारची पांढरी वाळू सोडायची नाही. तीही चुकीचे बोलत नाही. सप्टेंबरच्या मध्यास प्रत्यक्ष तिथे राहून आलेल्यांनी सांगावे की पूर्वेकडील वारा दिवसभर बसू न देण्याइतका असतो, की दुपारनंतरच वाढतो. सगळ्या रात्री एकाच ठिकाणी काढाव्यात, हा माझा कल आहे, कारण बेट उत्तर-दक्षिण साधारण 65 आणि पूर्व-पश्चिम 45 किलोमीटर एवढेच आहे आणि सामान बांधण्या-सोडण्यात आईचे दोन दिवस जातील. तसे केल्यास पूर्वेकडील इल ओ सेर्फ या लहान बेटासाठी एक दिवस त्रू दो दूसपर्यंत गाडीने जाऊन पुढे होडी धरावी लागेल. त्या होडीत चढता-उतरताना गुडघाभर पाण्यात पाय टाकावा लागतो का, हे नेमके कळले तर आईला न्यायचे की नाही ते ठरवता येईल.

पोहण्याबद्दल फारशी काळजी नाही. बेटाभोवतालच्या प्रवाळाच्या कड्यामुळे आतले पाणी उथळ व शांत असते. दक्षिणेला ग्री-ग्री येथे तो कडा तुटलेला असून लाटा थेट खडकावर फुटतात, त्यामुळे तिथे फक्त पाहायचे, हे मुलीला आताच बजावले आहे. पाण्यात काटेरी समुद्री साळू असतात म्हणून रबरी बूट सोबत घेत आहोत.

स्थळदर्शनाची यादी मी बरीच छाटली आहे. पोर्ट लुईतील आप्रवासी घाट मात्र वगळणार नाही. 1834 पासून गिरमिटाखाली, म्हणजे ठरावीक मुदतीच्या करारावर, आलेले मजूर जिथे उतरले, त्या जागेला 2006 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळाले. तिथल्या सोळा दगडी पायऱ्या आपण चढणारच, असे आईने जाहीर केले आहे. त्या पायऱ्यांना कठडा आहे का आणि त्यांवर पाय ठेवू देतात का? पांप्लमूसचे वनस्पती उद्यान सपाट असल्याने तिला सोयीचे वाटते. गंगा तलाव आणि शामारेलची सात रंगांची माती एकाच दिवसात बसवावी, असा विचार आहे. तलाव उंचावर असल्याने तिथे स्वेटर लागेल, हे गृहीत धरले आहे. ल मॉर्न डोंगर आम्ही पायथ्यावरूनच पाहू.

गाड्या आपल्याप्रमाणेच डाव्या बाजूने चालतात, तरीही अनोळखी रस्त्यांवर मी स्वतः चालवावी की चार दिवसांसाठी चालकासह गाडी ठरवावी, यावर अनुभवी मंडळींचे मत हवे आहे. जेवणाचा प्रश्न बहुधा ढोल पुरीने सुटेल : डाळीचे सारण भरलेली, पुरणपोळीची गोड नसलेली बहीण म्हणावी अशी ती दिसते, आणि आईला सोबतची आमटी-चटणी मिळाली की तिची तक्रार नसते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गणपती. कोणाचीही ओळख नसताना तिथल्या मराठी कुटुंबाच्या किंवा मंडळाच्या आरतीला जाणे शिष्टसंमत आहे का, आधी कोणाकडे विचारणा करावी, आणि पश्चिमेकडील कोणत्या किनाऱ्यावर विसर्जनाची मिरवणूक बसून पाहता येईल? जाताना प्रसादासाठी आम्ही काय न्यावे? आईने खोबऱ्याच्या वड्यांचे ठरवले आहे, परंतु घरचे खाद्यपदार्थ विमानतळावर अडवतात का, याचीही माहिती द्यावी.

फ्लिक आँ फ्लाक येथे तळमजल्यावरील दोन खोल्या मी धरून ठेवल्या असून त्या विनाशुल्क रद्द करण्याची मुदत या महिनाअखेरीस संपते. तोपर्यंत उत्तरे मिळाली, तर पत्नीला बेल मारबद्दल काय सांगायचे ते ठरवता येईल.