डोपिंगला ‘भेसळ’ म्हणायचं?

कंदील: लोहाधारित अतिसंवाहकांवरच्या, म्हणजे खूप गार केल्यावर विजेला अजिबात न अडवणाऱ्या लोहाच्या संयुगांवरच्या, एका लेखाचा अनुवाद करतेय. दर दुसऱ्या ओळीत डोपिंग, म्हणजे पदार्थात मुद्दाम परके अणू घालणं. मी ‘अपमिश्रण’ लिहिलं, संपादकांनी खोडून ‘भेसळ’ केलं. आता वाक्य असं झालंय: ‘बेरियम, लोह आणि आर्सेनिकच्या संयुगात बेरियमच्या जागी 40 टक्के पोटॅशियमची भेसळ केली की ते 38 केल्विनखाली अतिसंवाहक होतं.’ वाचून वाटतं, आता धाड पडणार! दुसरा शब्द सुचवा.

तांबडा रस्सा: भेसळ चोरून करतात आणि तिने माल बिघडतो. इथे मूळ संयुगच 140 केल्विनच्या आसपास चुंबकीय शिस्तीत अडकून बसतं, ते सोडवायला हा खटाटोप. ‘मोहन’ म्हणा. चकलीच्या पिठात कडकडीत तेल घालतो ना, ते. पीठ तेच, पोत निराळा. ‘डोप’सुद्धा डच ‘doop’वरून आलाय, म्हणजे दाट सॉस. शब्द मुळात स्वयंपाकघरातलाच.

विरजण: मग माझं नाव काय वाईट? लाखात एखादा परका अणू आणि सगळं सिलिकॉन बदलतं.

गिरणगावकर: सिलिकॉनला विरजण शोभेल, इथे 40 टक्के आहे हो. तेवढं विरजण घालून बघा! आणि मोहन पिठात मुरतं, कुणाची जागा घेत नाही. इथे बेरियमच्या जागेवर पोटॅशियम बसतं. बेरियम 2 इलेक्ट्रॉन देतं, पोटॅशियम 1, म्हणून लोह-आर्सेनिकच्या थरात इलेक्ट्रॉनांची तूट पडते. फर्मी पृष्ठावरचे (भरलेल्या आणि रिकाम्या इलेक्ट्रॉन-अवस्थांमधल्या सीमेवरचे) मधले होलचे, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागांचे, कप्पे फुगतात, कोपऱ्यातले इलेक्ट्रॉनांचे आक्रसतात. लोहाच्या जागी कोबाल्ट घातलं की उलट. दोन्ही कप्पे साधारण एका मापाचे असतात तोवर एकमेकांवर बसतात आणि चुंबकत्व टिकतं. माप बिघडलं की ते ढिलं पडतं आणि अतिसंवाहकतेला वाट मिळते. वडील गिरणीत बदली कामगार होते, कुणाचा खाडा पडला की यांना काम. ‘बदली’ म्हणा.

ऱ्हस्वदीर्घ: बदली तलाठ्याची होते. आणि ‘होल’ कशाला, ‘पोकळी’ म्हणा.

विरजण: कप्प्याला पोकळीचा कप्पा? दातांचा दवाखाना वाटतोय.

पासष्टी: सोनार ‘हीण’ म्हणतात. 22 कॅरेटात बारावा भाग हीणच असतं, दागिना टिकतो तो त्यानेच.

ऱ्हस्वदीर्घ: आणि ‘हीणकस’? ती शिवी आहे काका.

कंदील: ‘बदली’ आवडला होता, पण पुढच्या परिच्छेदात आर्सेनिकच्या जागी फॉस्फरस आलाय. दोघांची संयुजा सारखी, इलेक्ट्रॉन ना वाढला ना घटला. अणू लहान, म्हणून स्फटिकातली अणूंची जाळी आवळली जाते, तरी 30 केल्विनपर्यंत अतिसंवाहकता! लेखक त्यालाही डोपिंगच म्हणतो. मग बदली अणूची की इलेक्ट्रॉनची?

गिरणगावकर: अणूची. हजेरीपटावर नाव बदललं, पगार तोच.

परदेशी पाहुणा: डोपिंगच ठेवा ना. 2008 साली जपानी शास्त्रज्ञ होसोनोंच्या गटाने लोहाच्याच एका संयुगात ऑक्सिजनच्या जागी फ्लोरीन घालून 26 केल्विन गाठले. जपानीतही ‘डोपु’च म्हणतात, त्यांची भाषा बुडाली नाही.

ऱ्हस्वदीर्घ: त्यांची लिपी वेगळी, शब्द पचवते, आपली—

कंदील: लेख उद्या सकाळी द्यायचाय.

पासष्टी: रस्सा, चकलीला तेलाचं मोहन? आमच्याकडे लोणी.

तांबडा रस्सा: लोण्याने चकली तेलात विरघळते, आजी सांगायची.