करडाचं दूध तोडू नका, आधी पाणी भरा

हगवण लागली की शेळीच्या करडाचं दूध २ दिवस बंद करा, हा सल्ला मला पटत नाही. करडू दगावतं ते अंगातलं पाणी संपून. आमच्या सोलापूरच्या उन्हाळ्यात तर त्याला फार वेळ लागत नाही.

मानेची कातडी चिमटीत धरून सोडा. घडी लगेच मोडली नाही, डोळे खोल गेले, म्हणजे पाणी कमी पडलंय. उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यात चहाच्या लहान चमच्यानं ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा पाजा. पाजताना करडू उभं धरा, आडवं पाडलं की पाणी फुफ्फुसात जातं. तोंडात बोट घालून बघा, गार लागलं तर आधी पोत्यात गुंडाळून ऊब द्या, मगच पाजा. दूध चालू ठेवा, एका वेळी कमी.

हगवणीत रक्त दिसलं आणि करडू ३ आठवड्यांच्या पुढचं असलं, तर कॉक्सिडियाची (आतड्यात वाढणाऱ्या सूक्ष्म परजीवीची) शंका घ्या. लेंडी डॉक्टरांकडून तपासून घ्या. अंदाजानं माणसांच्या गोळ्या देऊन मी उस्मानाबादी जातीची एक पाट (तरुण शेळी) गमावली, अजून जीव हळहळतो.