ओव्हरक्लॉकिंग मेलं म्हणता, पण मारलं कुणी?

बायोसबाबा: काल एका महाशयांनी या फोरमवर लिहिलं की आजकाल प्रोसेसर ओव्हरक्लॉक करणारा, म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त वेगानं पळवणारा, एकतर रिकामटेकडा असतो नाहीतर म्हातारा. दोन्ही आरोप कबूल. पण पुढचं वाक्य डोक्यात गेलं: "पूर्वीही त्यात काही राम नव्हता, नुसता आकड्यांचा खेळ."

अहो, इंटेलचा सेलेरॉन ३००ए प्रोसेसर, नाव ऐकलंय का? १९९८. वेग म्हणजे बस (बोर्डाचा मूळ ठोका) गुणिले चिपचा गुणक; बस ६६ची १०० केली की साडेचारच्या गुणकानं ३००चा ४५० मेगाहर्ट्झ. पुढे इंटेलच्याच क्यू६६००ची बस २६६वरून ३३३वर नेली की २.४चा थेट ३ गिगाहर्ट्झ, प्रोसेसरवरचा कुलर दमदार असेल तर ४००वर ३.६. विद्यार्थ्याच्या पैशात वरच्या चिपचा वेग मिळायचा. त्यासाठी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला काउंटरवर खोकी उलटीसुलटी करून एसएलएसीआर (क्यू६६००च्या कमी तापणाऱ्या आवृत्तीचा छापील कोड) शोधायचो आणि दुकानदार खेकसायचा, "घ्यायचंय की वाचायचंय?"

मग नोकरी, संसार, लॅपटॉप. इंटेलच्या २५००केनंतर काही बांधलंच नाही. आता एएमडीचा रायझन ७७०० घेतला, मोठ्या हौसेनं बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) शिरलो, पीबीओ (चिपला आपोआप जास्त वेग घेऊ देणारी एएमडीची सोय) चालू केलं. गेममध्ये काही फरक जाणवला असेल तर शपथ! मेलं खरं, पण आपोआप नाही. २०११ला इंटेलनं बस बांधून टाकली आणि मोकळ्या गुणकाच्या, म्हणजे नावात 'के' असलेल्या, चिपांचे वेगळे पैसे लावले. आपण फुकट काढायचो तो वेग कारखान्यातच पिळून विकतात. पिळता पिळता इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीत काय झालं ते पाहिलंच. वाढीव व्होल्टेजनं चिपा झिजल्या, २०२४च्या ऑगस्टमध्ये दुरुस्तीचा मायक्रोकोड (चिपच्या आतलं सॉफ्टवेअर) आला, वॉरंटी दोन वर्षं वाढवावी लागली.

थ्रॉटल_ठाणे: आजोबा, नमस्कार. तुमचा 'फुकटचा' वेग म्हणजे कंपनीनं भीतीपोटी सोडलेली जागा. आता चिप स्वतःच तापमान, करंट, व्होल्टेज बघून क्षणाक्षणाला वेग ठरवते. ज्याला बायोस म्हणजे काय ते माहीत नाही त्यालाही पूर्ण पैसे वसूल. यात रडण्यासारखं काय आहे? माझ्या रूममेटनं अशाच एका गुरूचं ऐकून व्होल्टेज चढवलं आणि सबमिशनच्या आदल्या रात्री बोर्डाचे मॉस्फेट (प्रोसेसरला वीज पुरवणारे भाग) उडाले. फाइल मी लिहून दिली, गुरू गायब. आणि रायझन ७०००च्या एक्स मालिकेत ९५ अंश बघून बोंब मारू नका, ते डिझाइनच तसं आहे.

नागपुरी_ऊन: ९५ डिझाइन म्हणणाऱ्याला मे महिन्यात आमच्याकडे पाठवा बाप्पा. खोलीतच ४०च्या वर असते. जानेवारीत कर्व्ह ऑप्टिमायझरला (चिपचं व्होल्टेज कमी करायची सेटिंग) सगळ्या कोअरवर मायनस ३० लावलं, मख्खन चाललं. मे लागला आणि रोज रीस्टार्ट. शेवटी कॅबिनेटचा पत्रा काढून कुलरसमोर ठेवलं.

निवांत_पुणेकर: पाण्याच्या कुलरसमोर? उघडं कॅबिनेट? माझ्या मावसभावानं हेच केलं. बोअरच्या पाण्याचे शिंतोडे उडून हीटसिंकवर पांढरा थर, ग्राफिक्स कार्डाच्या पट्टीला गंज.

नागपुरी_ऊन: तुमच्या भावाच्या कुलरची जाळी फाटली असन, त्यात आमच्या कुलरचा काय दोष? मेमध्ये इथली हवा पापड वाळवायची असते, कुलर लावून ती माणसात येते. मुंबईची हवा बारमाही ओली, तिथले बोर्ड गंजून पडतात काय? ३८ला "फार उकडतंय" म्हणणाऱ्यांनी कुलरवर बोलूच नये.

निवांत_पुणेकर: शहर काढायची गरज नव्हती. शिंतोडे आणि आर्द्रता यातला फरक कळत नसेल तर चालू द्या.

थ्रॉटल_ठाणे: एसी घ्या ना.

नागपुरी_ऊन: बिल तुम्ही भरता काय?

सोल्डरगन: कुलर बाजूला ठेवा. रीस्टार्ट नेमका कधी होतो, गेम खेळताना की नुसतं बसल्यावर?

नागपुरी_ऊन: पीडीएफ वाचताना. मध्येच काळा पडदा.

सोल्डरगन: मग उन्हाला शिव्या देऊ नका. हलक्या कामात एखादा कोअर एकटाच सर्वात वर उडी मारतो, आणि तुम्ही नेमकं तिथलंच व्होल्टेज कापलंय. तापलेली चिप उलट कमी उडी मारते. जानेवारीत तुम्ही सिनेबेंच ही चाचणी चालवून 'स्थिर' ठरवलं असणार. त्यात सगळे कोअर एकदम राबतात, ही चूक त्यात दिसत नाही. कोअरसायकलर हे चाचणीचं सॉफ्टवेअर रात्रभर लावा, एकेक कोअर तपासा. सगळ्यात चांगल्या कोअरना सगळ्यात कमी मायनस सोसतं. बाकी २०१२ला इंटेलनं आयव्ही ब्रिज चिपांच्या झाकणाखालचं सोल्डर काढून पेस्ट भरली तेव्हापासून माझा इंटेलवरचा विश्वास उडालाय, ते वेगळं.

नागपुरी_ऊन: दोन कोअर मायनस १०वर आणले. कालपासून चालू आहे. मान्य, गुरुजी. पण कुलर तिथून हलणार नाही.

बायोसबाबा: धागा कुलरचा झाला तरी हरकत नाही. रात्रभर एकेक कोअर तपासायचा, सकाळी उठून कुठला मेला ते बघायचं, पुन्हा बायोस! आम्ही तरी वेगळं काय करत होतो? एएमडीनं २०२२ला ५८००एक्स३डीचा गुणक कुलूपबंद ठेवला, कारण वर चढवलेल्या कॅशला (चिपमधल्या जलद मेमरीला) जास्त व्होल्टेज सोसत नव्हतं आणि उष्णता खाली कोंडलेली. २०२४ला ९८००एक्स३डीत तीच कॅश खाली नेली आणि गुणक मोकळा सोडला. गिऱ्हाईकच नसतं तर कशाला सोडला असता?

थ्रॉटल_ठाणे: खोक्यावर छापायला. घेणाऱ्या शंभरातले चार जण तरी हात लावतात का? बरं, हा एक मुद्दा घ्या तुम्हाला, वयाचा मान म्हणून. रात्रभर जागून चार टक्के मिळवण्यापेक्षा मी झोपेन.

बायोसबाबा: झोपा. चाचणी चालू असताना आम्हीही झोपतोच.

सोल्डरगन: बाबा, रॅमचं एक्स्पो प्रोफाइल (रॅमचा वेग वाढवणारी तयार सेटिंग) लावलंय ना? एसओसी व्होल्टेज (चिपमधल्या मेमरी-कंट्रोलरच्या भागाचं) किती आहे? २०२३ला रायझन ७८००एक्स३डी जळले त्यात तेच गुंतलं होतं, मग एएमडीनं १.३ व्होल्टची मर्यादा घातली. बायोस जुना असेल तर आधी अपडेट करा.

बायोसबाबा: बघून सांगतो. सध्या लाइट गेलीय.