बीएस्सी केमिस्ट्रीनंतर बहिणीने काय करावं?

खाडीकाठचा:
धाकटी बहीण चिपळूणला टीवाय बीएस्सीला आहे, विषय केमिस्ट्री. आतापर्यंत ७२ टक्क्यांच्या आसपास. बाबांचं म्हणणं बीएड कर आणि मोकळी हो. मामा म्हणतो लोट्याच्या केमिकल एमआयडीसीत कुठेतरी चिकटवतो. ती स्वतः काहीच बोलत नाही. मी कॉमर्सवाला, मला यातलं ओ की ठो कळत नाही. एमएस्सी करावं का, आणि केलं तर कशात?

तिसरी_पाळी:
मी बीएस्सी करून थेट फार्मा कंपनीच्या क्यूसीत (मालाचा दर्जा तपासणारी लॅब) लागलो, ११ वर्षं झाली. काम कसं असतं ते सांगतो, मग ठरवा. सकाळी मोबाइल फेज (यंत्रातून वाहणारं द्रावण) गाळायची, एचपीएलसी (नमुन्यातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) चालू करून पडद्यावरची बेसलाइन सरळ व्हायची वाट बघायची. स्टँडर्डची (माहीत असलेल्या नमुन्याची) पाच इंजेक्शनं यंत्राला द्यायची, एरियात (आलेखावरच्या शिखराच्या क्षेत्रफळात) दोन टक्क्यांपेक्षा जास्त फरक आला की पुन्हा पहिल्यापासून. आणि प्रत्येक गोष्ट तिथल्या तिथे लॉगबुकात. केमिस्ट्री थोडी, लिखापढी फार. ज्याला नीटनेटकं काम आवडतं तो इथे रमतो. पण बीएस्सीवाल्याची बढती एका टप्प्यावर अडते. माझ्यानंतर आलेली एमएस्सीची मुलं आज माझ्या सह्या तपासतात.

एमएस्सी करायचं तर ढोबळमानाने अ‍ॅनालिटिकल म्हणजे क्यूसी, ऑरगॅनिक म्हणजे आर अँड डी (नवीन रेणू बनवायचं संशोधन). आणि कृपा करून 'शंभर टक्के प्लेसमेंट'वाले डिप्लोमे नकोत. माझ्या चुलतभावाने क्लिनिकल रिसर्चच्या नावाखाली लाखभर घातले, मिळालं काय तर कॉल सेंटर.

बेन्झीन_रिंग:
७२ टक्क्यांची मुलगी आणि जॅमचं नाव कुणीच काढलं नाही? आयआयटीच्या एमएस्सीसाठी असते ती परीक्षा. फॉर्म साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात, पेपर फेब्रुवारीत, तीन तास, १०० गुण. टीवायला असतानाच देता येते. अभ्यासक्रम बीएस्सीचाच, फक्त फिजिकल केमिस्ट्रीची गणितं हाताने सोडवायची सवय हवी, आपल्याकडे मुलं तिथेच मार खातात. सोबत विद्यापीठाची प्रवेश परीक्षा आणि माटुंग्याचं आयसीटी (केमिकल टेक्नॉलॉजीची संस्था, जुनं यूडीसीटी) डोळ्यासमोर ठेवा. नव्या शैक्षणिक धोरणातली बॅच असेल तर कॉलेजात चौथं, ऑनर्सचं वर्ष आहे का तेही विचारा. ते केलं तर एमएस्सी एका वर्षाची.

खडूवाली:
बाबांना सांगा, बीएड म्हणजे मोकळं होणं नव्हे! सीईटी, दोन वर्षं बीएड, मग टीएआयटी (शिक्षक भरतीची परीक्षा), मग सरकारच्या पवित्र या भरती पोर्टलकडे डोळे लावून बसणं. नोकरी लागली तरी पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक, माध्यमिकला मानधन १८ हजार. शिकवायची आवड असेल तर जरूर करावं, मी केलंय आणि पस्तावले नाही. पण आधी एमएस्सी केलं तर अकरावी-बारावीलाही शिकवता येतं. बाकी, बहिणीला काय आवडतं हे तुम्ही लिहिलंच नाहीत की.

खाडीकाठचा:
खडूवाली ताई, बरोबर आहे तुमचं. काल रात्री विचारलं. आधी 'काही नाही' म्हणाली, मग जेवताना स्वतःहून सांगायला लागली. प्रॅक्टिकलला अ‍ॅस्पिरिन केलं होतं, त्याचे पांढरे स्फटिक गाळणीवर उतरले ते तिने सरांना न विचारता पुन्हा स्वच्छ केले, मेल्टिंग पॉइंट नीट यावा म्हणून. तिला 'बनवायला' आवडतं म्हणे.

तिसरी_पाळी:
मग क्यूसी नको तिला. ऑरगॅनिकच.

बेन्झीन_रिंग:
+१. जॅमचा फॉर्म भराच. ओबीसी असाल तर नॉन क्रिमीलेयर दाखला केंद्राच्या नमुन्यातला आणि ताजा लागतो, राज्याचा चालत नाही. सेतूत आत्ताच अर्ज टाका, आयत्या वेळी रांग असते.