12 लाखांपर्यंत आयकर शून्य झाला, पण घरावरचा करभार उतरला का?

(नाशिक आणि परिसरातल्या लोकांची चर्चा. प्रत्येकाच्या म्हणण्यावर त्याचं ठिकाण दिलंय.)

सहावी स्कीम, सिडको

2025 च्या अर्थसंकल्पापासून नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंत आयकर लागत नाही. पगारदाराला 75 हजारांची प्रमाणित वजावट मिळते, म्हणजे 12 लाख 75 हजारांपर्यंत सुटका. त्यावरून ‘सामान्य माणसाचा कर संपला’ असं सर्रास बोललं जातंय. मला हे साफ अमान्य आहे. ज्या घरात महिन्याला 40 हजार येतात, त्या घराला आयकराचं ओझं आधीही नव्हतं, आणि ते घर जे कर भरतं ते पगाराच्या स्लिपवर छापलेलेच नसतात.

आयकर खातं दरवर्षी महागाईचा निर्देशांक जाहीर करतं. 2001-02 ला 100 धरून 2014-15 चा 240 आणि 2025-26 चा 376. या हिशोबाने आजचे वर्षाचे 4 लाख 80 हजार म्हणजे 2014-15 चे साधारण 3 लाख 6 हजार. तेव्हा अडीच लाखांपर्यंत कर नव्हता, बचतीवर आयकर कलम 80सी खाली दीड लाखांपर्यंत वजावट होती आणि वर कलम 87ए ची करात 2 हजारांची सूट. पीएफ, विम्याचा हप्ता आणि मुलांची शाळेची ट्यूशन फी मिळून 36-37 हजार झाले की कर शून्य. म्हणजे हे घर तेव्हाही शून्यावर होतं, आजही शून्यावर आहे.

आता पेट्रोल घ्या. मे 2014 मध्ये केंद्राचं उत्पादन शुल्क लिटरला 9 रुपये 48 पैसे होतं. मे 2020 मध्ये ते 32.98 वर गेलं, मग दोनदा उतरलं आणि एप्रिल 2025 मध्ये 2 रुपये वाढून 21.90 झालं. त्यावर राज्याचा व्हॅट 25 टक्के, आणि वर लिटरला 5 रुपये 12 पैसे. पंपावरचा भाव 104 धरला तर त्यातले जवळपास 46 रुपये 80 पैसे कराचे. सिडकोतून सातपूरला रोज जाणारी आणि दोन जणांत चालणारी स्कूटर महिन्याला 30 लिटर खाते. म्हणजे 1,404 रुपये महिना, वर्षाला 16,848. एवढा आयकर या घराने कधीच भरलेला नाही.

कॉलेज रोड

हिशोब चोख आहे, पण महागाईचा निर्देशांक तुम्ही पगाराला लावलात आणि पेट्रोलला लावायला विसरलात. 2014 चे 9.48 आजच्या पैशात 14.85 होतात. खरी वाढ लिटरला 12 नव्हे, 7 रुपयांची. 360 लिटरवर वर्षाला अडीच हजार. वाढ झाली हे मान्य, पण 16,848 हा सगळाच आकडा नव्या ओझ्याचा नाही. त्यातला मोठा भाग आधीही तुमच्याच खिशातून जात होता.

दुसरं असं की जीएसटीच्या आधीचा छुपा कर तुम्ही धरलाच नाही. कारखान्यातून 100 रुपयांना निघालेल्या वस्तूवर 12.5 टक्के उत्पादन शुल्क लागायचं, आणि 112 रुपये 50 पैशांवर 13.5 टक्के व्हॅट. दुकानात येईपर्यंत 127 रुपये 69 पैसे. करावर कर. बिलावर छापला जायचा फक्त व्हॅट, त्यामुळे लोक म्हणायचे साडेतेरा टक्के. त्याही आधी 2013 पर्यंत विल्होळीच्या नाक्यावर जकात, मग एलबीटी (स्थानिक संस्था कर). साबण, टूथपेस्ट, शाम्पू, डोक्याचं तेल यांवर 22 सप्टेंबर 2025 पासून 5 टक्के आहे, त्याआधी 18 होता. वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर 2014-15 मध्ये 12.36 टक्के सेवाकर होता, मध्यंतरी 18 टक्के जीएसटी झाला, आज शून्य. 20 हजारांच्या हप्त्यावर वर्षाला 3,600 रुपये वाचले.

आणि थोडं आणखी मागे जा. 1973-74 मध्ये आयकराचा सर्वात वरचा दर अधिभारासह 97.75 टक्के होता. 1985-86 मध्ये तो 50 वर आला, 1997 मध्ये 30 वर. करमाफ उत्पन्नाची मर्यादा 2001-02 मध्ये 50 हजार होती. निर्देशांक लावला तर ती आज 1 लाख 88 हजार होते. प्रत्यक्षात नव्या प्रणालीत 4 लाख आहे. याला करभार वाढला कसं म्हणायचं?

सहावी स्कीम, सिडको

97.75 टक्के भरणारा माणूस सामान्य नव्हता, सर. त्या काळचा गिरणी कामगार किंवा प्राथमिक शिक्षक त्या टप्प्याच्या आसपासही नव्हता. वरचा दर उतरला, 1985 मध्ये वारसा मालमत्तेवरचं शुल्क गेलं, 2015 मध्ये संपत्ती कर गेला. या सगळ्याचा फायदा कोणाला झाला ते उघड आहे.

आणि जुन्या प्रणालीतली अडीच लाखांची मर्यादा 2014 पासून हललेली नाही. निर्देशांकाने ती 3 लाख 92 हजार व्हायला हवी होती. म्हणजे नव्या प्रणालीतले 4 लाख ही मेहेरबानी नाही, फक्त महागाईची भरपाई आहे. 80सी चे दीड लाख आज 2 लाख 35 हजार हवे होते, तिथे तर भरपाईही नाही. ज्यांचं घरकर्ज चालू आहे आणि घरभाडे भत्त्याची वजावट मोठी आहे, त्यांच्यातले अनेक अजून जुन्याच प्रणालीत आहेत.

कॉलेज रोड

4 लाख ही फक्त पायरी झाली. करात मिळणारी 60 हजारांपर्यंतची सूट धरल्यावर प्रत्यक्षात 12 लाखांपर्यंत शून्य होतं, ते का वगळता? आजचे 12 लाख म्हणजे 2014-15 चे 7 लाख 66 हजार. तेव्हा 80सी चे पूर्ण दीड लाख वजा करूनही उपकरासह 49,600 च्या आसपास कर बसायचा. आज काहीच नाही. एचएएलच्या विमान कारखान्यातला तंत्रज्ञ, बँकेतला अधिकारी, शाळेतले दोघं नवरा-बायको, हे सामान्य नाहीत का?

अंबड एमआयडीसी

तुम्ही दोघं वेगवेगळ्या घरांबद्दल बोलताय, म्हणून हिशोब जुळत नाही. एक लाख महिना असलेल्याचे 49 हजार वाचले, हे खरं. चाळीस हजारवाल्याचे वाचले नाहीत, हेही खरं. पण अंबड-सातपूरच्या शेडमध्ये कंत्राटावर 12-15 हजारांवर उभा असलेला पोरगा या चर्चेत कुठेच नाही, आणि त्याच्या स्लिपवर कर आहे.

व्यवसाय कर. पुरुष कामगाराचा पगार महिन्याला 10 हजारांच्या वर गेला की 200 रुपये महिना आणि फेब्रुवारीत 300. वर्षाचे 2,500. बारा हजारांवरच्या माणसाला हा दर पावणेदोन टक्के पडतो. 12 लाख 75 हजारवाल्यालाही तेवढेच 2,500, म्हणजे 0.2 टक्के. महिलांना एप्रिल 2023 पासून 25 हजारांपर्यंत माफ केला, ते चांगलं केलं. पुरुषांची मर्यादा मात्र तिथेच आहे. फेब्रुवारीत 300 का कापले म्हणून दरवर्षी शेडमध्ये वाद होतो. कारण एवढंच की 200 गुणिले 11 म्हणजे 2,200, आणि 2,500 ची कमाल पुरी करायला शेवटचे 300.

127.69 च्या हिशोबालाही माझी हरकत आहे. दीड कोटींच्या आतली उलाढाल असलेल्या लघुउद्योगाला उत्पादन शुल्क माफ होतं. अंबडमधल्या कितीतरी छोट्या युनिटचा माल फक्त व्हॅट लागून जायचा. जीएसटीत वस्तूंसाठी मर्यादा 40 लाख, सेवेसाठी 20 लाख. शिवाय साबण-टूथपेस्टसारख्या पाकिटबंद मालावर शुल्क छापील किमतीतून ठरावीक टक्के वजा करून लागायचं, कारखान्याच्या दरावर नाही. सरसकट 27 टक्के म्हणणं बरोबर नाही.

कॉलेज रोड

लघुउद्योगाचा मुद्दा मान्य. पण त्या युनिटने घेतलेल्या पोलादावर, रंगावर, बेअरिंगवर शुल्क लागलेलंच असायचं आणि माफीत असल्यामुळे त्याचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, मिळायचं नाही. ते किमतीत मुरायचं.

व्यवसाय कराची 2,500 ची कमाल घटनेच्या कलम 276 मध्ये आहे, 1988 च्या दुरुस्तीपासून. तेव्हापासून ती एक रुपयाने वाढलेली नाही. 1988 चे 2,500 आणि आजचे 2,500 यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणजे हा कर खऱ्या अर्थाने उतरतच आलाय.

अंबड एमआयडीसी

कमाल उतरली, सर, पण ती भरणारे खाली सरकले. 1988 मध्ये 2,500 भरणारा मोठा माणूस होता. आज 10 हजारांच्या वरचा प्रत्येक पुरुष कमालच भरतो. मर्यादा गोठवली की गरीब आपोआप वरच्या टप्प्यात चढतो, पगार खऱ्या अर्थाने न वाढता.

पिंपळगाव बसवंत

शेतकऱ्याला कर नाही असं शहरात पक्कं बसलंय, म्हणून लिहितो. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, ताज्या द्राक्षावर आणि कांद्यावर जीएसटी नाही. बरोबर. पण विक्री करमाफ असली की खरेदीवरच्या कराचं क्रेडिट घेता येत नाही. बागेला लागणारी रासायनिक औषधं 18 टक्के, खत 5 टक्के, मांडवाचे अँगल आणि तार 18 टक्के. ठिबक आणि पुठ्ठ्याची खोकी सप्टेंबर 2025 मध्ये 12 वरून 5 वर आली, तेवढा दिलासा. हे सगळं बागायतदाराच्या अंगावर पडतं, कारण बाजारात द्राक्षाचा भाव त्याच्या खर्चावर ठरत नाही.

बेदाण्याचंही सांगतो, कारण अजून गोंधळ आहे. स्वतःच्या बागेतली द्राक्षं वाळवून शेतकऱ्याने स्वतः बेदाणा विकला तर जीएसटी नाही, हे डिसेंबर 2024 मध्ये जीएसटी परिषदेने स्पष्ट केलं. व्यापाऱ्याने पुढे विकला की कर सुरू. तेव्हा कोणी शेतकऱ्याच्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या हिशोबातून, ‘जीएसटी’ म्हणून पैसे कापत असेल तर ती कपात चूक आहे.

आणि सगळ्यात मोठा कर कोणी मोजतच नाही. ऑगस्ट 2023 मध्ये कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क लागलं. डिसेंबरात निर्यातच बंद. मे 2024 मध्ये बंदी उठली, पण 40 टक्के शुल्क आणि टनाला 550 डॉलरची किमान किंमत राहिली. सप्टेंबर 2024 मध्ये शुल्क 20 टक्के झालं आणि 1 एप्रिल 2025 ला शून्य. कागदावर हे शुल्क निर्यातदार भरतो. पण दुबईचा किंवा कोलंबोचा खरेदीदार ते देत नाही, त्याला दुसऱ्या देशाचा कांदा मिळतो. मग निर्यातदार लासलगावच्या लिलावात बोलीच तेवढी खाली लावतो. ट्रॅक्टर आणून उभा केलेल्या माणसाने तो कर भरलेला असतो, पावतीशिवाय.

रविवार कारंजा

पावती मिळते त्या कराचंही बघा. महापालिकेचं घरपट्टीचं बिल बहुतेक लोक फक्त शेवटचा आकडा बघून भरतात. वर एक ओळ असते, करयोग्य मूल्य. क्षेत्रफळ गुणिले महिन्याचा दर गुणिले 12, त्यातून 10 टक्के वजा, हे ते मूल्य. खालचे सगळे कर, सामान्य कर, मलनिःसारण, वृक्ष कर, अग्निशमन आणि राज्याचा शिक्षण कर, याच आकड्यावर टक्क्याने लागतात. अनिवासी गाळा असेल तर रोजगार हमी करही. म्हणून मूल्य एकदा चुकलं की प्रत्येक ओळ चुकते, आणि दरवर्षी चुकते.

तुकाराम मुंढे महापालिकेचे आयुक्त असताना 1 एप्रिल 2018 पासून नव्या मिळकतींचे दर वाढवले गेले. जुन्या मिळकतींचे जुने दर तसेच राहिले. त्यामुळे एकाच रस्त्यावर समोरासमोरच्या सारख्याच फ्लॅटची बिलं वेगळी येतात. महापालिकेची जकात आणि पुढे एलबीटी गेल्यावर स्वतःच्या हातात राहिलेला मोठा स्रोत हाच होता, त्यामुळे हे कधीतरी होणारच होतं. पण नव्या घरात येणारा नोकरदार तो भार एकटाच का उचलतोय, याचं उत्तर मला पटेल असं मिळालेलं नाही.

नवीन आकारणीची नोटीस आली की तीन गोष्टी तपासाव्यात: कार्पेट धरलंय की बांधकाम क्षेत्र, वापर निवासी लिहिलाय का, आणि आकारणीची तारीख भोगवटा दाखल्याशी जुळते का. हरकत नोटिशीतल्या मुदतीत लेखी द्यायची आणि पोच घ्यायची. बिल भरायची मुदत गेली की थकबाकीवर महिन्याला 2 टक्के शास्ती (दंड) लागते. 10 हजारांवर वर्षाला 2,400.

सहावी स्कीम, सिडको

डिझेल राहिलं. 2014 मध्ये लिटरला 3.56 शुल्क होतं, एप्रिल 2025 मध्ये 17.80 झालं. महागाई लावूनसुद्धा 5.58 चे 17.80, म्हणजे तिपटीच्या वर. पेट्रोल-डिझेल जीएसटीबाहेर असल्यामुळे वाहतूकदाराला क्रेडिट नाही. ते भाड्यात जातं आणि भाज्यांपासून सिमेंटपर्यंत सगळ्यात मुरतं. आधीच्या उत्पादन शुल्कासारखाच हाही छुपा कर आहे, सर.

कॉलेज रोड

छुपा आहे, मान्य. पण केवढा ते मोजू. पिंपळगावहून दिल्लीला 20 टन कांदा, अंतर सुमारे 1,250 किलोमीटर, लिटरला 4 किलोमीटर धरा. 312 लिटर डिझेल. महागाईच्या वरची वाढ 12 रुपये 22 पैसे, म्हणजे फेरीला 3,813 रुपये. किलोला 19 पैसे.

पिंपळगाव बसवंत

किलोला 19 पैसे म्हणजे क्विंटलला 19 रुपये. लिलावात क्विंटलमागे 25 रुपयांवरून बोली तुटते, सर. आणि परतीचा ट्रक रिकामा आला तर त्याचंही डिझेल याच कांद्यावर.

कॉलेज रोड

परतीचं मी धरलं नव्हतं. ती दुरुस्ती बरोबर आहे, मग 38 पैसे धरा.